फिनिक्सचं अंगण: सवारो पिवळा पडतोय, ओकोटियोला पान नाही, आणि फुलझाडं कोणती लावावीत?

गुंठाभर

मुक्काम चँडलर, ॲरिझोना. मार्चच्या मध्यावर अंगणात तीन झाडं लावून घेतली: पाच फुटी सवारो (खांबासारखा उभा वाढणारा कॅक्टस; फांद्या, म्हणजे ‘हात’, अजून फुटलेले नाहीत), आठ काठ्यांचा ओकोटियो (काटेरी काठ्यांच्या जुडग्यासारखं वाळवंटी झुडूप; उघड्या मुळांचा, कुंडीतला नव्हे) आणि फड्या निवडुंगाचं मोठं बेट. आता मेचा दुसरा आठवडा चालू आहे.

सवारोची नैर्ऋत्येकडची बाजू पिवळट-पांढरी झाली आहे. हाताला टणक लागते, वास नाही, काही गळतही नाही. ओकोटियोला एकही पान नाही, काठ्या करड्या आहेत. निवडुंगाच्या फड्यांवर कापसासारखे पुंजके आलेत आणि नखाने दाबले तर लालभडक रंग निघतो. तिन्ही झाडांच्या बुंध्याशी एकेक ड्रिपर आहे, ताशी एक गॅलनचा, आणि रोज सकाळी वीस मिनिटं चालतो.

शिवाय बाजूला तीस बाय वीस फुटांची खडी टाकलेली मोकळी जागा आहे. तिथे इथलीच, वाळवंटातली फुलझाडं हवीत. फेब्रुवारी ते ऑक्टोबर काहीतरी फुललेलं असावं एवढीच अपेक्षा. घरात चार वर्षांचं मूल आहे, तेही लक्षात घ्या.

कुसळ

आधी सवारो. तिघांत महाग तोच, आणि काही बिघडलं तर सगळ्यात उशिरा सांगणाराही तोच.

तुमच्या वर्णनावरून हा रोग नाही, ऊन लागलंय. सवारोची प्रत्येक बाजू आपापल्या दिशेच्या उन्हाला सरावलेली असते. दक्षिणेची साल राठ, उत्तरेची कोवळी. म्हणून झाड उपटण्याआधी दक्षिण बाजूला खडूची किंवा चिकटपट्टीची खूण करायची आणि नव्या जागी ती खूण पुन्हा दक्षिणेलाच आणायची, असा इथला नियम. लावणाऱ्याने ‘देखणी बाजू रस्त्याकडे’ केली की कोवळी बाजू नैर्ऋत्येच्या दुपारच्या उन्हात येते आणि दीड-दोन महिन्यांत नेमकं हेच दिसतं. नर्सरीत जाळीखाली वाढलेलं झाड असेल तर चारही बाजू कोवळ्याच.

आता झाड फिरवू नका, मुळं दुसऱ्यांदा तुटतील. ३० ते ५० टक्के सावली देणारं जाळीचं कापड दोन खांबांना ताणून दक्षिण आणि पश्चिम बाजूला लावा, सप्टेंबर संपेपर्यंत. कापड आणि काटे यांत चार बोटं अंतर ठेवा, अंगाला गुंडाळू नका. जळलेला भाग परत हिरवा होणार नाही. तो हळूहळू खाकी, बुचासारखा होईल आणि तसाच राहील. झाडाला त्याचा त्रास नाही, डोळ्यांनाच काय तो.

तहान ओळखायची खूण अंगावरच असते. सवारोला उभ्या निऱ्या असतात. दोन निऱ्यांमधल्या खाचेत पेन्सिल उभी धरून पाहा. खाच खोल आणि पेन्सिल आत गडप होत असेल तर साठा कमी झालाय. खाच उथळ आणि पेन्सिल बाहेर डोकावत असेल तर पोट भरलेलं आहे, पाणी देऊ नका. मुळं नसतानाही हे झाड साठ्यावर कितीतरी महिने हिरवं राहतं, त्यामुळे ‘हिरवं आहे म्हणजे लागलं’ असं समजू नका.

बुंध्याशी किंवा कुठेही मऊ लागलं, काळा-तपकिरी द्रव गळू लागला आणि कुजका वास आला, तर ती जिवाणूंची कूज. धारदार सुरीने मऊ गर पूर्ण कोरून काढायचा, पांढरा-हिरवा टणक गर लागेपर्यंत. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांनी जागा धुवायची आणि उघडी ठेवायची. खालच्या कडेला उतार द्या म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. सिमेंट, डांबर, रंग यांतलं काहीही भरू नका, आत कूज चालूच राहते.

या झाडाला थंड रात्र लागते, हेही ध्यानात ठेवा. कॅक्टस दिवसा रंध्रं मिटून घेतात आणि हवा आत घेतात रात्री. २०२३ मध्ये फिनिक्सला ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ अंशांना किंवा त्यापुढे गेला आणि रात्रीही तापलेल्याच राहिल्या. शहरातल्या जुन्या सवारोंचे हात त्या उन्हाळ्यात गळून पडले. त्यामुळे काँक्रीटच्या किंवा विटांच्या पश्चिम भिंतीला खेटून सवारो लावू नये, भिंत रात्रभर उष्णता सोडत राहते.

आणि झाडाबरोबर राज्याच्या कृषी खात्याची चिठ्ठी (टॅग) मिळाली का ते बघा. रानातला सवारो परवान्याशिवाय उपटणं, हलवणं ॲरिझोनात गुन्हा आहे. जंगलात हे झाड पहिल्या आठ वर्षांत जेमतेम एक-दीड इंच वाढतं. पहिलं फूल सहा-आठ फूट उंची झाल्यावर, पस्तिशीच्या पुढे, आणि हात पन्नास-पंचाहत्तरनंतर. बागेत पाण्यावर थोडं लवकर होतं. तेव्हा पाच फुटी झाडाच्या फुलांची वाट बघत बसू नका.

पाणकळा

ड्रिपर आजच बंद करा. हिशेब बघा: ताशी एक गॅलन, वीस मिनिटं, म्हणजे रोज एक तृतीयांश गॅलन. एवढ्याने वरची दोन-तीन इंच माती ओली होते, बुंधा रोज भिजतो आणि खालची मुळं कोरडीच राहतात. त्यात इथलं पाणी जड, क्षारांचं. रोज थोडं दिलं की क्षार खाली धुवून न जाता वरच साठतात. बुंध्याशी पांढरी रेघ दिसत असेल तर तेच ते.

पाणी किती खोल जायला हवं ते इथे पाठ असावं: कॅक्टस आणि जमिनीलगतच्या रोपांना एक फूट, झुडपांना दोन फूट, झाडांना तीन फूट. पाणी किती खोल गेलं ते मोजायला साधी लोखंडी सळई पुरते. पाणी दिल्यावर तासाभराने सळई हाताने दाबत न्या. ओल्या मातीत सरसर जाते, कोरडी माती लागली की अडते. सळई दगडावर अडली तर जागा बदलून पुन्हा बघा.

सवारोची बहुतेक मुळं वरच्या सहा इंचांत आणि झाडाच्या उंचीएवढी लांब पसरलेली असतात. म्हणून बुंध्यापासून फूटभर सोडून पुढे तीन फुटांपर्यंत गोल आळं करा आणि त्यात १५ ते २० गॅलन पाणी एकाच वेळी, संथ. या पहिल्या उन्हाळ्यात दोन ते तीन आठवड्यांतून एकदा. चांगला पाऊस झाला की ती पाळी गाळायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काहीच नको. जम बसलेल्या झुडपांना उन्हाळ्यात एक ते तीन आठवड्यांनी, वसंतात आणि शरदात दोन ते चार आठवड्यांनी, हिवाळ्यात महिना-दीड महिन्याने.

ओकोटियो मेलेला आहे असं अजून म्हणता येत नाही. मुळात तो कॅक्टस नाही. पाऊस पडला की दोन-तीन दिवसांत काठीभर पानं, जमीन सुकली की सगळी गाळून मोकळा, असं वर्षातून अनेकदा करतो. उघड्या मुळांनी लावलेल्याला नवी मुळं फुटायला एक-दोन वर्षंही लागतात. काठीवर नखाने हलकं खरवडा. खाली हिरवं दिसलं आणि काठी वाकवल्यावर लवली, तर जिवंत आहे. तपकिरी, कोरडं आणि कडकन मोडणारं असेल तर ती काठी गेली, पण बाकीच्या सात तपासल्याशिवाय झाड काढू नका.

ओकोटियो मरतो तो बहुधा खोल पुरल्यामुळे. डोलतोय म्हणून लावणारे त्याला फूटभर जास्त गाडतात आणि मान कुजते. सालीवर जुन्या मातीची रेघ असते, ती आणि आजची जमीन एका पातळीत हवी. रेघ गाडली गेली असेल तर हलक्या हाताने माती बाजूला सारा. आधारासाठी भोवती दगड रचा किंवा काठ्या बांधा.

जमिनीचंही एकदा तपासा. खोऱ्यातल्या बऱ्याच अंगणांत फूट-दोन फुटांवर कॅलिची लागते, चुनखडीचा सिमेंटसारखा थर. लावायच्या जागी फूटभर खोल खड्डा काढून पाणी भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. चोवीस तासांत दुसरं पाणी जिरलं नाही तर पहारीने थर फोडून खाली भोक पाडायचं, नाहीतर जागा बदलायची. खड्डा मोठा करून त्यात खत-माती भरणं म्हणजे जमिनीत कुंडी पुरणं. पाणी त्यातच साचतं.

काटेसावर

निवडुंगावरचा कापूस म्हणजे कोचिनील, आपल्या पिठ्या ढेकणाच्या गोत्यातला किडा. कापसाखाली मादी चिकटून रस पिते आणि तो लाल रंग तिचाच. कारमाइन म्हणून कापडाला आणि खाण्याच्या पदार्थांना वापरतात तो हाच. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने कापूस उडवून लावा, सांध्यांत विशेष करून. आठवड्याने पुन्हा, असं तीन-चार वेळा. कपडे जुने घाला, डाग जात नाही. फारच माखलेले फडे सांध्यावर कापून पिशवीत बंद करून टाका. साबणाचं किंवा तेलाचं औषध मारायचं तर ऊन उतरल्यावर. भर उन्हात तेल मारलं तर फडा भाजतो.

याच किड्याची हिंदुस्थानात एक गमतीशीर चूक झालेली आहे. रंगाच्या धंद्यासाठी म्हणून १७९५ मध्ये ब्राझीलहून किडा आणला, तो निघाला भलत्याच जातीचा. रंग यथातथाच, पण माजलेलं फड्या निवडुंग त्याने फस्त केलं. मग १९२६ मध्ये दुसऱ्या जातीच्या निवडुंगावर सोडायला मुद्दाम दुसरा कोचिनील आणला. आपल्याकडचे वईवरचे फडे मूळचे अमेरिकेचेच. बांधावरचा चिकाचा निवडुंग मात्र वेगळा, ते युफोर्बिया. कापल्यावर दुधासारखा चीक निघाला तर कॅक्टस नाही. कॅक्टसचे काटे नेहमी लवदार ठिपक्यातून फुटतात, हीही खूण.

आता तुमची तीस बाय वीसची जागा. पश्चिमेच्या कडेला एक पालो वेर्दे लावा, बाकी सगळं त्याच्या हिशेबाने. नावाचा अर्थच हिरवी काठी. खोडाची साल हिरवी असते आणि पानं गळाली तरी तीच अन्न बनवते. ‘डेझर्ट म्युझियम’ नावाची संकरित जात घ्या, तिला काटे नाहीत. मूल आहे म्हणून तीच. घरापासून आणि भिंतीपासून १५ फूट लांब. मार्च-एप्रिलमध्ये झाड पिवळंधमक होतं, उन्हाळ्यातही मधून मधून फुलतं. याला उथळ पाणी दिलं तर जुलै-ऑगस्टच्या वादळात मुळासकट आडवं होतं, त्यामुळे तीन फुटांचा नियम इथे सगळ्यात महत्त्वाचा.

झाडाच्या विरळ सावलीत हेजहॉग कॅक्टस, तीन-चारचा पुंजका. मार्च-एप्रिलमध्ये गर्द गुलाबी फूल, मधोमध हिरवा स्त्रीकेसर. बोटभर कॅक्टसवर तळव्याएवढं फूल बघायला खाली बसावं लागतं, म्हणून वाटेच्या कडेला लावा, पण वाटेत नको. बाहेर उन्हात एक फिशहूक बॅरल. इतर सगळं फुलून संपल्यावर, जुलै ते सप्टेंबरमध्ये, त्याच्या डोक्यावर केशरी-पिवळ्या फुलांचं कडं येतं आणि मग अननसाच्या पिल्लांसारखी पिवळी फळं वर्षभर बसून राहतात. तो दक्षिणेकडे कलतो, ते त्याचं वळण आहे. टेकू देऊ नका. नर्सरीत सोनेरी काट्यांचा गोल बॅरल जास्त दिसेल, तो मेक्सिकोचा. दिसतो छान, पण कडक थंडीत आणि ओल्या जमिनीत लवकर दगा देतो.

झुडपांत पहिला मान ब्रिटलबुशला. चंदेरी पानं, फेब्रुवारी-एप्रिल पिवळी फुलं, दोन झाडांत चार फूट. फुलं संपली की निम्म्यापर्यंत छाटायचं. जूनमध्ये पानं गाळून काटकुळं होईल तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका, मेलेली ब्रिटलबुश ही बहुतेक पाण्याने मेलेली असते. दुसरं, चुपारोसा. हे आपल्या अडुळशाचं सख्खं भावंड, जस्टिशियाच. नळीसारखी लाल फुलं, हमिंगबर्ड दिवसभर त्यावर. सौम्य हिवाळ्यात जानेवारीतही फुलतं. तिसरं ग्लोबमॅलो, म्हणजे जास्वंद-भेंडीच्या कुळातलं, केशरी फुलांचं. याच्या पानांवरची लव डोळ्यात गेली तर चुरचुरते, त्यामुळे छाटताना चष्मा लावा आणि मुलाच्या वाटेपासून लांब ठेवा. फुलं झाल्यावर जमिनीपासून सहा इंचांवर कापा. मेपासून ऑक्टोबरची बाजू डेझर्ट विलो आणि डेझर्ट मॅरिगोल्ड सांभाळतील. मॅरिगोल्ड एक-दोन वर्षांत मरतं, पण बी सांडून स्वतःच उगवतं. तेव्हा वाळलेली बोंडं साफ करण्याचा उत्साह आवरा.

पॅरीचा पेन्स्टेमन आणि सोनेरी पॉपी यांना रोप नको, बी फेका. वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. खडी बाजूला सारून जमीन दंताळ्याने अर्धा इंच ओरबाडायची, एक भाग बी आणि चार भाग वाळू मिसळून फेकायची, पायाने दाबायची. वर माती लोटायची ती जेमतेम बी झाकेल एवढी. अंकुर येईपर्यंत रोज हलका शिडकावा, मग आठवड्याने. बी खोल गेलं तर उगवत नाही आणि उघडं राहिलं तर पक्षी खातात, यापलीकडे यात अवघड काही नाही. खत अजिबात नको. खताने पेन्स्टेमन उंच होऊन लोळतो.

झुडपंही आता लावू नका. मे महिना चुकीचा आहे, ऑक्टोबरपर्यंत थांबा. कॅक्टसला मात्र उबदार जमीन चालते, फक्त जून-जुलैचा कहर टाळा.

गुंठाभर

पेन्सिल लावून पाहिली, खाच उथळ आहे. ड्रिपर बंद केला. ओकोटियोच्या आठपैकी सहा काठ्या खाली हिरव्या निघाल्या आणि मातीची रेघ पाच इंच गाडलेली होती. ती मोकळी केली.

आणखी थोडं. चोया नावाचा काटेरी कॅक्टस खरंच उडी मारतो का? शेजारच्या अंगणात आहे. फड्या निवडुंगाची फळं आणि फडे खाता येतात का? आणि आईने आग्रह धरलाय ब्रह्मकमळाचा, ते इथे जगेल?

कुसळ

उडी मारत नाही, पण त्याचे तुकडे इतके सैल जोडलेले असतात की नुसत्या स्पर्शाने सुटून येतात आणि काट्यांना उलटे दात असल्याने आत रुततात. हाताने उपटायला गेलं तर दुसरा हात अडकतो. रुंद दातांचा कंगवा त्वचा आणि तो तुकडा यांच्यामध्ये सरकवून झटक्याने बाहेर उडवायचा, समोर माणूस नाही हे बघून. राहिलेले काटे पकडीने काढायचे. मूल लहान असेल तोवर घरात कंगवा आणि पकड दाराशीच ठेवा.

फड्या निवडुंगाचं दुखणं वेगळं. मोठ्या काट्यांपेक्षा त्याची बारीक कुसळं वाईट. आधी चिमट्याने निघतील तेवढी काढा. मग पांढरा गोंद लावून त्यावर गॉजचा तुकडा दाबा, वाळल्यावर सोला. घासू किंवा चोळू नका.

खाता येतात, पण औषध न मारलेल्याच झाडाचे. फडे वसंतातले, तळहाताएवढे कोवळे. सुरीने काटे आणि ठिपके खरवडायचे, कडा कापायच्या, फोडी करून कोरड्या तव्यावर परतायच्या. भेंडीसारखी तार सुटते, तीच युक्ती लागू: झाकण ठेवू नका. फळं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पूर्ण जांभळी झाल्यावर, चिमट्याने धरून. आचेवर फिरवून कुसळं जाळायची, मिक्सरमधून काढून दुहेरी फडक्यातून गाळायचं. बॅरल कापून पाणी प्यायची गोष्ट मात्र सिनेमातच ठेवा. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, उलट्या होऊन आहे ते पाणीही जातं.

ब्रह्मकमळाचं बोलायचं तर आपल्याकडे कुंडीत रात्री फुलतं ते मुळात कॅक्टसच, मेक्सिको-मध्य अमेरिकेतल्या दमट रानांत झाडांवर वाढणारं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ निराळं. म्हणजे कॅक्टस असूनही वाळवंटाचं नव्हे. इथल्या उघड्या उन्हात दोन दिवसांत पिवळं पडेल. कुंडीत ठेवा, सालीच्या तुकड्यांच्या भुसभुशीत मिश्रणात. सकाळचं नऊपर्यंतचं ऊन पुरे. वरचा इंच सुकला की पाणी, आणि रात्री पाच अंशांखाली जाणार असेल तर घरात. इथलं स्वतःचं रात्री फुलणारं झाडही आहे, पेनिओसेरियस. वर्षभर वाळक्या काटक्यांसारखं दिसतं आणि जून-जुलैत एखाद्या रात्री सुगंधी पांढरं फूल देतं. आईंना ते दाखवा.

काटेसावर

मुलाच्या दृष्टीने एक राहिलं. इथे कुंपणाला कण्हेर सर्रास असते. आपल्याकडची तीच, तेवढीच विषारी. पान, फूल, काडी सगळंच. शेजारच्या कुंपणाची पानं तुमच्या खडीत पडत असतील तर झाडून टाका आणि छाटलेल्या काटक्या जाळू नका, धूरही वाईट.

पाणकळा

मोकळ्या जागेत पावसानंतर गवताचे दाट ठोंब उगवले आणि तुरा ब्रशसारखा लालसर-तपकिरी दिसला तर ते बफेल ग्रास. दख्खनच्या माळावरचं आपलं अंजन गवत तेच. आपल्याकडे चारा, इथे संकट. झाडांच्या मधली मोकळी जमीन ते भरून टाकतं आणि वाळल्यावर वणवा पेटवतं. सवारो, पालो वेर्दे यांना आग सोसत नाही, कारण या रानात पूर्वी आग क्वचितच लागायची. तुरे येण्याआधी, जमीन ओली असताना पहारीने मुळासकट काढा. वरून कापलं तर ठोंब दुप्पट होतो. तुरे आलेले असतील तर आधी तुरे पिशवीत कापून घ्या, मग ठोंब उपटा, आणि पिशवी बांधून कचऱ्यात. कंपोस्टात नको.